बॉनेट दाबून पाहताना

इलियास मिस्त्रींनी दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले,
अंगाचा भार दिला आणि हात काढून घेतले.
धड गाडी एकदाच वर येते आणि गप्प होते.
माझी तीनदा मान हलवत राहिली,
सोयरिकीच्या बैठकीतल्या लांबच्या मामासारखी.
"शॉक गेले," ते म्हणाले, "आणि स्प्रिंगाही बसल्या."

वडाळा नाका, सकाळचे दहा.
शेजारी कुणी रेडिएटर धुतंय,
गटारातून हिरवं पाणी.

मी अंबडला स्प्रिंगाच तपासतो, एकोणीस वर्षं.
मशीनच्या जबड्यात ठेवायची, दाबायची, आकडा बघायचा,
हिरवी टिकली किंवा लाल.
दिवसाला चारशे.
एकीनंही अजून सांगितलेलं नाही
ती कोणाच्या पाठीखाली जाणार आहे.

बाकावर तीन खोकी.
पहिल्यात लाल जोड, तीस मिलिमीटर बुटकी.
ती लावली की गाडी रस्त्याला कान लावून बसते,
कॉलेज रोडला पोरं माना वळवतात,
आणि पाथर्डी फाट्याच्या गतिरोधकावर
पोट खरवडल्याचा आवाज थेट आपल्या दातांत येतो.
"जुन्याच मापाच्या शॉकवर ही टाकाल," मिस्त्री म्हणाले,
"तर वर्षात तेल गळेल. दांड्याला खेळायला जागा नको?"

दुसऱ्यात काळी जोड, उंची कंपनीचीच, अंगानं जरा कडक,
आणि सोबतच्या शॉकच्या डोक्यावर फिरवायची टोपी,
बत्तीस खटक्यांची.

तिसऱ्यात जशी होती तशी. नवी, मऊ, स्वस्त.

मी तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला होता.

कारण उत्तम पेखळे.
गिरणाऱ्याच्या मातीत, दुगावच्या कच्च्या वाटांवर
माझ्या डावीकडे बसून वही वाचणारा उत्तम,
दातांत टॉर्च, मांडीवर बोट,
पुढचं वळण माझ्याआधी ज्याच्या तोंडात यायचं.
आता त्याच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत
आणि रविवारी त्याला फिरवून आणायचं मी कबूल केलंय.

तो रिक्षातून उतरला, पट्टा सावरत.
खोकी पाहिली. मऊ स्प्रिंग हातात घेतली,
वजन केलं, परत ठेवली.
"ही माझ्यासाठी?"
मी म्हणालो, खड्डे लागू नयेत म्हणून.
"घरीही हेच चाललंय," तो म्हणाला.
"गादी मऊ, भात मऊ, बोलणं मऊ.
तुझ्या गाडीत तरी रस्ता कळू दे रे."

इलियास मिस्त्री पाना पुसत राहिले, खूप वेळ,
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मग म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात,
खड्डा स्प्रिंगच्या लक्षात राहतो साहेब.
तिला विसरायला लावायचं काम शॉकचं.
लगेच विसरायला लावलं तर चाक जमिनीवर उतरतच नाही,
उशिरा, तर गाडी होडी होते.
किती वेळ आठवू द्यायचं, ते टोपी फिरवून बघा.

काळी जोड घेतली.
बजेटच्या अकरा हजार वर गेली; घरी सात सांगितले.

रविवारी, पहाटे, गिरणारे रस्ता.
द्राक्षबागांवर औषधाचा वास,
दुधाच्या किटल्यांची एक मोटारसायकल, बाकी कोणी नाही.
टोपी चौदाव्या खटक्यावर.
पहिल्या खड्ड्याला मी त्याच्याकडे बघितलं.
"समोर बघ," तो म्हणाला.
दुसऱ्याला त्यानं डोळे मिटले,
आणि वही नसताना
मांडीवर बोट सरकायला लागलं.

"डावं तीन. सुटतंय.
उजवं चार, पुढं मोरी. कापू नको."

मोरी बुजवून बारा वर्षं झाली,
वरून रुंद डांबर गेलंय, पांढरा पट्टा आखलेला.
त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या मेव्हण्याचंच ते कंत्राट.

तरी मी पाय उचलला.

परतताना चहाच्या टपरीवर
तो उतरायला वेळ घेत होता, दार धरून.
मी हात पुढे केला नाही.
"सोळा कर," तो म्हणाला,
"मागून अजून जरा उसळते."